उरलेल्या मुदतीपुरती निवडणूक कोणासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सारख्या निवडणुकांना मतदार कंटाळला आहे, म्हणून लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घ्याव्यात, असे मत मांडणारी पत्रे आपल्या दैनिकात गेले काही आठवडे वाचतो आहे. निवडणुका एकत्र व्हाव्यात की नाही, हा वाद मला येथे घालायचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडल्या गेलेल्या संविधान (१२९ वी सुधारणा) विधेयकातील एका तरतुदीकडे मात्र लक्ष वेधायचे आहे. लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली, तर त्यानंतर निवडून येणाऱ्या लोकसभेला पूर्ण पाच वर्षे न मिळता आधीच्या सभागृहाची उरलेली मुदत तेवढी मिळेल, अशी ती तरतूद आहे. विधानसभांनाही तोच नियम लागू होईल. मतदाराचा कंटाळा घालवण्यासाठी सुचवलेला हा उपाय तो कंटाळा वाढवील, हे जुना हिशेब मांडून पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले.

अकराव्या लोकसभेची निवडणूक १९९६ च्या एप्रिल-मेमध्ये झाली. वाजपेयींचे तेरा दिवसांचे सरकार, मग काँग्रेसच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर आधी देवेगौडा आणि नंतर गुजराल, आणि तो पाठिंबा काढून घेतला गेल्यावर डिसेंबर १९९७ मध्ये विसर्जन, असा त्या सभागृहाचा प्रवास झाला. फेब्रुवारी १९९८ मध्ये बारावी लोकसभा निवडली गेली आणि १७ एप्रिल १९९९ रोजी २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने वाजपेयींचे सरकार पडल्यावर तीही गेली. सप्टेंबर-ऑक्टोबर १९९९ मध्ये निवडलेली तेरावी लोकसभा मात्र २००४ पर्यंत टिकली. आता प्रस्तावित नियम त्या काळाला लावून पाहावा. १९९६ च्या लोकसभेची पाच वर्षे २००१ मध्ये भरली असती. म्हणजे १९९८ ची निवडणूक सव्वातीन वर्षांसाठी, १९९९ ची पावणेदोन वर्षांहूनही कमी काळासाठी झाली असती आणि बहुमत असलेले, चालते-बोलते आघाडी सरकार मोडून २००१ मध्ये पुन्हा मतपेट्या बाहेर काढाव्या लागल्या असत्या. पाच वर्षांत तीनऐवजी चार निवडणुका!

या तिन्ही निवडणुकांत जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक म्हणून मी मतदान अधिकाऱ्याचे काम केले आहे. आदल्या दिवशी तालुक्याच्या गावी साहित्य ताब्यात घ्यायचे, लोखंडी मतपेट्या एस.टी.त चढवायच्या, रात्र शाळेच्याच वर्गात सतरंजीवर काढायची आणि पहाटे उठून पेटीला कागदी मोहोर लावायची, हे अंगवळणी पडले होते. सप्टेंबर १९९९ मध्ये माझ्याकडे शाईचे काम होते. बोट पुढे करताना एक वयस्कर बाई म्हणाल्या, “गुरुजी, मागल्या साली दिलेलं मत कुठं गेलं?” मला उत्तर देता आले नाही. त्यांनी माझ्या उत्तरासाठी वाट पाहिली, मग पदर सावरला आणि त्या आत जाऊन मत देऊन आल्या. मतदानासाठी रांगेत उभे राहावे लागले, याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आपले मत कामी आले नाही, हे त्यांना लागले होते.

आकडेही हेच सांगतात. १९९६ मध्ये देशात सुमारे ५८ टक्के मतदान झाले. दोन वर्षांच्या आत पुन्हा निवडणूक आली, तेव्हा लोक घरी बसायला हवे होते. प्रत्यक्षात १९९८ मध्ये ते ६२ टक्क्यांच्या आसपास गेले आणि १९९९ मध्ये, म्हणजे साडेतीन वर्षांतल्या तिसऱ्या खेपेलाही, सुमारे ६० टक्के राहिले.

त्याच सप्टेंबरात महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूकही मुदतीच्या काही महिने आधी लोकसभेबरोबर घेतली गेली. केंद्रातील सरकार एका मताने पडल्याची सहानुभूती राज्यातही मिळेल, असा राज्यात सत्तेवर असलेल्या शिवसेना-भाजप युतीचा अंदाज असावा. मतदाराच्या हातात एक पांढरी आणि एक गुलाबी अशा दोन मतपत्रिका आल्या. लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा युतीला मिळाल्या. विधानसभेच्या २८८ पैकी १२५ च मिळाल्या आणि राज्यातली सत्ता गेली. निवडणुकीची वेळ कोणी कशासाठी साधली आहे, हे मतदाराला बरोबर कळते.

दोष निवडणुकांच्या संख्येत नाही. सरकार पाडणाऱ्यांवर दुसरे उभे करण्याची जबाबदारी नसते, यात तो आहे. १७ एप्रिल १९९९ ला २७० सदस्य सरकार पाडण्यापुरते एकत्र आले. पर्यायी सरकार काही त्यांना देता आले नाही आणि २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. ऑक्टोबरपर्यंत देशात काळजीवाहू सरकार होते आणि कारगिलचे युद्ध त्याच काळात झाले. जर्मनीत संसदेला चॅन्सेलरवर अविश्वास दाखवायचा असेल, तर त्याच ठरावाने दुसरा चॅन्सेलर निवडावा लागतो. १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल असेच आले. आपल्याकडेही न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील संविधान आढावा आयोगाने २००२ मध्ये अविश्वास ठरावासोबत पर्यायी नेत्याचे नाव असावे, अशी शिफारस केली होती. या पद्धतीतही बहुमत नसलेले सरकार रेंगाळत राहण्याचा धोका आहे, हे मला मान्य आहे. परंतु अर्थसंकल्प मंजूर करून घेता आला नाही की अशा सरकारला जावेच लागते.

उरलेल्या मुदतीच्या नियमाने दुसरेही एक नुकसान होईल. वर्ष-दीड वर्षाच्या खासदारकीसाठी पुन्हा निवडणुकीचा खर्च करायला कोण तयार होईल? मग काठावरचे सरकार वाचवण्यासाठी मते मिळवण्याच्या इतर वाटा धुंडाळल्या जातील. २८ जुलै १९९३ रोजी नरसिंह राव यांचे अल्पमतातील सरकार २६५ विरुद्ध २५१ मतांनी तरले आणि त्यातून उघड झालेल्या लाचखोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये लाच घेऊन मत देणाऱ्या खासदारांना संरक्षण दिले. ती चूक सात न्यायमूर्तींच्या पीठाने दुरुस्त करायला मार्च २०२४ उजाडले.

हे विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे सोपवले गेले आहे. समितीने उरलेल्या मुदतीची तरतूद वगळावी आणि पर्यायी नेत्याच्या नावासह अविश्वास ठराव आणण्याची अट घालावी, अशी विनंती करणारे पत्र मी आमच्या मतदारसंघाच्या खासदारांना पाठवले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, पुणे जिल्हा