किझीच्या सुतारकाकांना कृतज्ञतेचे पत्र

आदरणीय सुतारकाका,

सप्रेम नमस्कार.

आमच्या कोकणातल्या गावच्या देवळाचा लाकडी सभामंडप पाडायचा नाही, फक्त खांबांचे कुजलेले बुंधे बदलायचे, असे ग्रामस्थांनी नुकतेच ठरवले आणि त्या बैठकीतून उठताना मला सर्वांत आधी तुमची आठवण झाली. तुमचे नाव इथे लिहीत नाही. पण आभार जाहीरच मानले पाहिजेत. या पत्राचे रशियन भाषांतर तुमच्यापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था करतो आहे.

बैठकीत मी तुमच्या किझी बेटाचीच हकीकत सांगितली. रशियाच्या कारेलिया प्रांतातल्या ओनेगा सरोवरात, त्या चिंचोळ्या बेटावर, १७१४ साली बांधलेले प्रभू येशूच्या दिव्य रूपांतराच्या नावाचे, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे चर्च. पाइनचे ओंडके आडवे रचून, कोपऱ्यांत खाचा पाडून, भिंतींच्या जोडणीत खिळा न वापरता ३७ मीटर उंच चढवलेले. वर २२ घुमट आणि त्यांवर अ‍ॅस्पेनच्या लाकडाची फळकुटे, जी उन्हापावसात रुपेरी होत जातात. १९९० साली ते जागतिक वारशाच्या यादीत आले खरे, पण त्याचे दुखणे त्याआधीचे होते. एकोणिसाव्या शतकात भिंतींवर बसवलेल्या फळ्या १९५० च्या दशकात, मूळ रूप दिसावे म्हणून, उतरवल्या गेल्या आणि उघडे पडलेले ओंडके थेट पावसात भिजू लागले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चर्च कोसळू नये म्हणून आत पोलादी सांगाडा उभा केला, त्यासाठी संतचित्रांची चार ओळींची अख्खी भिंत उतरवली. त्या सांगाड्याने इमारत तगली, हे मी मान्य करतो. पण तात्पुरत्या टेकूवर ठेवून जाणत्यांनी पुढची पंचवीसेक वर्षे उपायांचा खल करत बसावे आणि तोवर आतले दार लोकांना बंद राहावे, याचा मला आजही राग येतो.

मी आलो तेव्हा तुमचे काम अर्ध्यावर होते. चर्चचा वरचा भार उचलून धरायचा, सात थरांपैकी एक थर सोडवून कार्यशाळेत आणायचा, दुरुस्त करून जागेवर बसवायचा आणि मगच वरच्या थराला हात घालायचा, ही पद्धत मी वाचली होती. मला कळत नव्हते ते एवढेच, की कुठला ओंडका ठेवायचा आणि कुठला टाकायचा हे ठरवता कसे. भाषेची अडचण असूनही तुम्ही हातातले काम थांबवलेत, माझा तळहात धरून एका जुन्या ओंडक्याच्या टोकावर ठेवलात आणि दुसऱ्या टोकाला जाऊन कुऱ्हाडीच्या पाठीने ठोका दिलात. तो हाताला झणझणून लागला. थोडे सरकून पुन्हा ठोकलेत, तेव्हा आवाज बसका आला. तेवढ्याच जागेभोवती तुम्ही खडूने रेघ मारलीत. शेजारच्या ओंडक्यात असाच कुजका भाग कोरून नव्या पाइनचा तुकडा बसवला होता; सांध्यात नखसुद्धा शिरत नव्हते, फक्त रंगावरून जुने-नवे ओळखू येत होते.

काका, याच्या आधी एका कार्यालयातल्या साहेबांनी आमच्या मंडपाच्या खांबांना हातही न लावता, पायरीवरूनच पाहून, "सगळे सडले आहे, स्लॅब टाका," असा सल्ला दिला होता. तुम्ही मात्र तीनशे वर्षांच्या एकेका ओंडक्याची स्वतंत्र विचारपूस करत होतात, आणि त्याच आस्थेने माझीही केलीत. परक्या माणसाचा हात धरून आपली विद्या त्याच्या तळहातावर ठेवायला कुठल्या हुद्द्याची गरज नसते, मन मोठे लागते. अशी माणसे जिथे असतात तिथे जुनी देवालये टिकतात, मग ती कुठल्याही धर्माची असोत.

परत आल्यावर आमच्या सुतारांसोबत मी प्रत्येक खांब तसाच ठोकून पाहिला. वाळवी आणि ओल जोत्यालगतच थांबली होती. वरचा साग खणखणीत निघाला. बैठकीत ज्येष्ठ मंडळींचे हात मी खांबांवर ठेवले, खालून ठोके दिले, आणि पाडकामाचा आग्रह धरणाऱ्यांनीच पुढे होऊन पुन्हा पुन्हा ठोकून पाहिले.

किझीचे चर्च २०२० मध्ये पुन्हा लोकांसाठी उघडले, हे वाचून फार आनंद झाला. आमचे काम दिवाळीनंतर सुरू होईल. बुंध्याला जोड देताना सांधा तिरपा घ्यावा की पायरीचा, यावर आमच्या सुतारांमध्ये मतभेद आहेत. सोबत मोजमापांसह रेखाटने पाठवतो आहे, सवडीने पाहून आपले मत कळवावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
कोकणातला तुमचा विद्यार्थी