तुमचं तुम्हीच सांगा

प्रिय आई-बाबा,

शेवटच्या आजारपणात तुम्हाला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हा विषय परवा फोनवर काढला तर आई म्हणाली, "तुम्ही मुलं ठरवाल ते." बाबांनी विषयच बदलला. म्हणून सविस्तर लिहितेय.

सोशल वर्कर म्हणून माझं निम्मं काम आयसीयूच्या दाराबाहेर चालतं. आत वडिलांच्या तोंडात नळी, बाहेर भावंडांचे वाद. एक म्हणतो, शेवटपर्यंत प्रयत्न करा. दुसरी म्हणते, आता हाल नकोत. माया दोघांचीही खरी. वडिलांना स्वतःला काय हवं होतं, ते मात्र कुणीच कधी विचारलेलं नसतं. मग काहीही ठरलं तरी टोचणी राहतेच.

म्हणून पेशंट शुद्धीवर असेल तर नातेवाइकांची बैठक त्याच्या खाटेजवळच घ्यायची, हा माझा हट्ट. मागे एका आजींचा मुलगा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःच देत होता. मी खुर्ची आजींकडे वळवली आणि गप्प बसले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मला दम लागायला नको. आणि नाकातून नळी नको." दोनच वाक्यं, पण डॉक्टरांना पुढची दिशा मिळाली.

सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. डॉक्टर होण्याआधी त्या परिचारिका होत्या, मग रुग्णालयात सोशल वर्कर. पेशंटजवळ बसून ऐकण्याची त्यांची सवय मला फार मोलाची वाटते.

तर आता दोघांनी वेगवेगळं सांगा. बाबा, तुमचं उत्तर आईने द्यायचं नाही! हृदय थांबलं तर छाती दाबून ते सुरू करायचा प्रयत्न, व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न... यातलं काय हवं, काय नको, काय थोडे दिवस करून बघायचं? शेवटी घरी राहायचंय की रुग्णालयात? आणि तुम्हाला बोलता येईनासं झालं तर तुमच्या वतीने कोण बोलणार? ती मीच असायला हवी असं नाही. रडारडीतही तुमचं म्हणणं लावून धरेल असं माणूस निवडा.

तुमची उत्तरं आपण कागदावर लिहून ठेवू. बाबा, हे लिहिलं म्हणजे उपचार बंद, असं मुळीच नाही. "सगळं करा" म्हणालात तर तेच लिहू. तुम्हाला बोलता येतंय तोवर तुमचाच शब्द चालणार. कागद लागतो तो त्यानंतर. मत बदललं की कागदही बदलू.

पुढच्या महिन्यात येतेय. तोवर आई, सुचेल तसं टिपून ठेव. बाबा, रिपोर्टची फाईल काढून ठेवा; तुमच्या डॉक्टरांची वेळ मी घेते.

तुमची,
लेक