विषय: केशराच्या खोलीतल्या एसीचं आउटडोअर डक्टऐवजी उत्तरेच्या भिंतीवर लावू द्यावं

नमस्कार काका,

मागच्या मीटिंगमध्ये माझा विषय अगदी शेवटी आला, सगळ्यांना घरी जायची घाई होती आणि "एसी लावा पण आउटडोअर (म्हणजे एसीचं बाहेरचं मशीन) डक्टमध्येच (म्हणजे इमारतीच्या आतल्या पाइपांच्या अरुंद मोकळ्या जागेत), नियम आहे" एवढंच बोलून विषय संपला. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही म्हणून आता सगळं लिहून पाठवतेय. जरा लांब झालंय, पण कृपया पूर्ण वाचा आणि कमिटीच्या बाकीच्यांनाही वाचायला द्या.

आधी खोलीत काय आहे ते सांगते, कारण विंगमध्ये काहीबाही बोललं जातंय असं माझ्या कानावर आलंय. किचनच्या मागची छोटी खोली, जी बाकीच्या फ्लॅटमध्ये स्टोअर रूम म्हणून वापरतात, तिथे मी केशर लावतेय. काश्मीरमधल्या पांपोरहून मागवलेले कंद आहेत, लसणाच्या गड्डीएवढे दिसतात, मातीशिवाय नुसत्या ट्रेमध्ये उभे ठेवायचे आणि फूल तसंच वर येतं, माती फक्त फुलं काढून झाल्यावर लागते, पानं वाढून खाली नवीन कंद धरायला. एका फुलात ३ लाल तंतू, आणि एक ग्रॅम केशरासाठी साधारण १५० फुलं लागतात, त्यामुळे इथे कारखाना वगैरे निघणार आहे असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. रात्री खिडकीतून जांभळा उजेड दिसायचा तो झाडांच्या एलईडीचा होता. त्यावरून गांजाची शंका काही जणांनी वॉचमनकडे बोलून दाखवली, मला खरंच खूप वाईट वाटलं, एकदा बेल वाजवून विचारलं असतं तरी मी खोली उघडून दाखवली असती. आता पांढरे लाइट लावलेत आणि जाड पडदाही लावलाय. तरी ज्याला बघायचं असेल त्याने कधीही यावं, मी सोबत उभी राहून सगळं दाखवीन.

आता थंडाव्याचं, कारण खरा प्रश्न तोच आहे. केशराच्या कंदाला दोन वेगवेगळी तापमानं लागतात. उन्हाळा-पावसाळ्यात तो वरून झोपलेला दिसतो पण आत कळी तयार होत असते आणि त्याला २३ ते २७ डिग्री चालतं, म्हणजे पुण्याचा पावसाळा त्याला जवळपास फुकटात मिळतो, आत्ता जुलैत मी एसीशिवायच ठेवलेत आणि छान आहेत. पण आत धरलेली कळी बाहेर यायची तर १७ डिग्रीच्या आसपास थंडी लागते. पांपोर समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटर उंचीवर आहे, तिथे ऑक्टोबरमध्ये ही थंडी आपोआप पडते आणि शेतं जांभळी होतात. आपल्याकडे नेमकी त्याच महिन्यात ऑक्टोबर हीट, दुपारी ३२ च्या पुढे, आणि तेव्हा गार नाही मिळालं तर कळी आतल्या आतच सुकून जाते. वर्षभराची वाट बघून ट्रेमध्ये नुसते कोंब बघायचे हे किती जिवाला लागतं ते ज्याने कधी काही लावलंय त्याला कळेल.

मीटिंगमध्ये एक जण म्हणाले एक्झॉस्ट फॅन लावा, दुसरे म्हणाले कूलर लावा, स्वस्तात काम होईल. दोघांचा हेतू चांगला होता म्हणून उत्तर देते. एक्झॉस्ट फॅन फार तर खोली बाहेरच्या हवेइतकी करू शकतो, त्याच्याखाली नाही, बाहेर ३२ तर आतही ३२. मुंबईच्या मानाने पुण्याची हवा कोरडी म्हणून कूलर चालतो खरा, पण तोही ओल्या पडद्यातून हवा जितकी गार होऊ शकते तितकीच करतो, ऑक्टोबरच्या दुपारी ते साधारण २२-२३ होतं, आणि तेही खिडक्या उघड्या असतील तर. बंद खोलीत कूलर लावला की थोड्या वेळात हवा दमट होते आणि गार करणंच थांबतं, वर ट्रेमध्ये बुरशी धरते. म्हणजे १७ डिग्रीसाठी कॉम्प्रेसरच लागतो, दुसरा मार्ग नाही.

आता डक्टबद्दल, आणि ही गोष्ट माझ्या एकटीची नाहीये. एसी उष्णता संपवत नाही, आतली उचलून बाहेर टाकतो, आणि स्वतः जेवढी वीज खातो तिची उष्णताही त्यात मिळवून टाकतो. पाऊण टनाचा एसी फुल चालला तर खोलीतून साधारण २.६ किलोवॅट उष्णता ओढतो आणि विजेची धरून सव्वातीन-साडेतीन किलोवॅट बाहेर फेकतो, म्हणजे दोन-तीन इस्त्र्या एकदम चालू ठेवल्यासारखं. आपली डक्ट केवढी आहे तुम्हाला माहितीच आहे, प्लंबरला आत उतरायचं तर अंग चोरावं लागतं, त्यात आधीच बाकीच्यांची आउटडोअर आहेत, ड्रेनेजचे पाइप आहेत आणि सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या तिथेच उघडतात. तिथे आउटडोअर लावलं की त्याचीच गरम हवा परत त्याच्याच कॉइलवर येते, प्रेशर वाढतं, कॉम्प्रेसर जास्त वीज खातो आणि एका मर्यादेनंतर ट्रिप होतो. वरच्या मजल्यांवर बाथरूममध्ये मे महिन्यात भट्टीसारखं वाटतं ही तक्रार मीटिंगमध्ये मी स्वतः ऐकलीय, कारण गरम हवा वर चढते आणि वरून निघायला पुरेशी जागा नाही. इमारत बाहेरून चांगली दिसावी म्हणून नियम केला हे मला मान्य आहे, पण सगळी गरम हवा आतल्या डक्टमध्ये कोंबून आपण आपल्याच लोकांना त्रास देतोय. माझ्या विषयाच्या निमित्ताने कमिटीने हा नियमच परत एकदा बघावा असं मला मनापासून वाटतं.

मी मागतेय ती जागा म्हणजे उत्तरेची भिंत, मागच्या कंपाउंडच्या बाजूची. तिथे कोणाची बेडरूमची खिडकी जवळ नाही, हवा मोकळी आहे, आणि सप्टेंबर संपला की सूर्य दक्षिणेकडे असतो त्यामुळे त्या भिंतीवर ऊनच येत नाही, म्हणजे मशीनला काम कमी आणि आवाजही कमी. रस्त्यावरून ती बाजू दिसत नाही, तुम्ही गेटवर उभं राहून बघा. ब्रॅकेट छज्जावर ठेवणार नाही, छज्जा त्या वजनासाठी नसतो, आरसीसी कॉलमला अँकर फास्टनर मारून पावडर कोटेड ब्रॅकेट लावणार आणि खाली रबर पॅड. खाली पार्किंग नाही, तरीही सोसायटीच्या इंजिनिअरला दाखवूनच लावीन आणि त्यांची फी मी देईन. बीम किंवा कॉलममध्ये कोअर कटिंग, म्हणजे मशीनने काँक्रीटला आरपार भोक पाडणं, अजिबात करणार नाही, पाइप आत घ्यायला स्लायडिंग खिडकीची एक काच काढून तिथे शीट बसवतेय आणि होल त्या शीटलाच पाडणार, पुढे कधी काढायचं झालं तर काच परत बसवली की खिडकी होती तशी.

शेजारच्या काकूंनी भिंतीला ओल यायची भीती बोलून दाखवली, ती अगदी बरोबर आहे, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिते. आमच्या दोघींच्या मधली भिंत एकाच विटेची आहे. माझ्या बाजूला १७ डिग्री आणि त्यांच्या बाजूला पावसाळी दमट हवा, म्हणजे फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जसं पाणी सुटतं तसं त्यांच्या भिंतीवर सुटू शकतं, कपाट भिंतीला चिकटून असेल तर त्याच्या मागे आधी काळे डाग दिसतात. यावर उपाय एसी कमी करणं हा नाही, भिंत गार होऊच न देणं हा आहे. त्यासाठी चारी भिंतींना, छताला आणि जमिनीला आतून २ इंची पफ पॅनेल (उष्णता अडवणाऱ्या फोमचं) लावतेय, दोन्ही बाजूंनी पत्रा असलेलं, आणि सगळे सांधे फॉइल टेपने बंद. साधा थर्माकोल मुद्दाम घेतला नाही, तो पटकन पेट घेतो, आणि पॅनेलही फायर रिटार्डंट फोमचंच घेतेय. पॅनेलमुळे भिंतीतून आत येणारी उष्णता साधारण पाचव्या भागावर येते, त्यात थोडे लाइट, एक छोटा फॅन आणि मी आत गेले तर माझ्या अंगाची उष्णता, एवढं धरलं तरी पाऊण टनाचा इन्व्हर्टर एसी बराचसा वेळ हळू चालेल आणि मध्ये मध्ये बंदही राहील. म्हणजे वर जे किलोवॅट लिहिलेत ते खोली पहिल्यांदा गार करतानाचे, रोजचे नाहीत. काकूंना मी सांगितलंय की सीझन संपेपर्यंत त्यांची भिंत मी येऊन बघत जाईन, आणि तरी डाग आला तर रंग माझ्या खर्चाने.

पाण्याचं पण सांगायला हवं. नेहमीच्या एसीपेक्षा या खोलीतून जास्त पाणी निघेल, कारण एसी हवा कोरडी करतो आणि कंदांना दमटपणा ८० टक्क्यांच्या आसपास लागतो, म्हणून मी ह्युमिडिफायर लावून परत ओलावा देणार आणि तोच ओलावा कॉइलवर जमून ड्रेनमधून बाहेर येणार. हे पाणी बाहेर ठिबकवणार नाही आणि डक्टमध्येही सोडणार नाही, पाइप उतार देऊन माझ्याच बाथरूमच्या न्हाणी ट्रॅपमध्ये आणलाय.

विजेबद्दल फार लिहित नाही, सगळं माझ्याच मीटरवर आहे, स्वतंत्र एमसीबी टाकलीय, कॉमन मीटरशी संबंध नाही.

आवाज किती दिवस राहील हा प्रश्न सेक्रेटरी साहेबांनी विचारला होता. वर्षभर नाही. साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून टप्प्याटप्प्याने गार करत जायचं आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फुलं निघून संपतात, त्यानंतर कंद मातीत लावून बाल्कनीत, पुण्याची थंडी पानांना पुरते. म्हणजे दोन महिने. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, मी लावल्यावर सगळ्यात जवळच्या खिडकीपाशी रात्री मोजून कमिटीला दाखवीन, जास्त निघाला तर मशीन बंद करून आधी तो प्रश्न सोडवीन.

तर काका, माझी विनंती एवढीच की उत्तरेच्या भिंतीवर एक आउटडोअर लावायची परवानगी द्या, हवं तर एका सीझनपुरती द्या आणि नोव्हेंबरनंतर सगळ्यांशी बोलून पुढचं ठरवा. डिपॉझिट घ्यायचं असेल तर घ्या. ऑगस्टच्या मीटिंगमध्ये हा विषय शेवटी न ठेवता सुरुवातीला घ्या म्हणजे लोकांना प्रश्न विचारता येतील, मी पॅनेलचा एक तुकडा आणि एक ट्रे सोबत घेऊन येईन. आणि उत्तर लेखी द्या, व्हॉट्सअॅपवरचा मेसेज एसी बसवणारा माणूस धरत नाही, त्याला सोसायटीच्या शिक्क्याचा कागद दाखवावा लागतो आणि गणपतीच्या आधी त्याची तारीख घेतली नाही तर पुढे दसऱ्यापर्यंत तो मिळत नाही.

आपली,
बी विंग, तिसरा मजला