शेतजमिनीचा आकडा छापताना कोणता, तेही सांगा

मा. संपादक, स. न. वि. वि.

देशातली शेतजमीन घटली अशी बातमी येते, काही दिवसांनी ती टिकून असल्याचीही येते. दोन्ही खऱ्या असू शकतात, कारण मोजलेले क्षेत्र वेगळे असते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना शेतजमिनीत नांगरटीची जमीन, बागांसारखी कायम पिके आणि कायमची कुरणेही धरते. पाच वर्षांच्या आतली पड, म्हणजे न पेरता ठेवलेली जमीनही नांगरटीत मोडते. त्यामुळे भारताचा आकडा 18 कोटी हेक्टरांजवळ जातो. आपले सरकार जमिनीचा वापर नऊ प्रकारांत मांडते; त्या नऊकलमी तक्त्यातले निव्वळ पेरणी क्षेत्र (वर्षात कितीही पिके घेतली तरी एकदाच मोजलेले) मात्र 14 कोटींच्या आसपास आहे.

हे निव्वळ क्षेत्र 1950-51 मध्ये 11.87 कोटी हेक्टर होते. 1970-71 पर्यंत ते 14 कोटींवर गेले आणि तेव्हापासून तिथेच घुटमळते आहे. वाढीतला काही भाग कागदावरचाही होता : 1950-51 मध्ये नोंदीखालची, म्हणजे जिच्या वापराची नोंद होते ती एकूण जमीनच 28.4 कोटी हेक्टर होती, पुढे ती 30 कोटींच्या वर गेली. पण स्थिर आकड्याने निश्चिंत होऊ नये. याच काळात बिगरशेती वापर 94 लाख हेक्टरांवरून पावणेतीन कोटींच्या घरात पोचला. त्यातली सगळी जमीन पेरणीची नव्हती, हे मान्य. तरीही नदीकाठची काळी जमीन गेली आणि तेवढेच माळरान नांगराखाली आले, तर बेरीज बदलत नाही. पिकवण्याची ताकद मात्र बदलते.

कोल्हापूर जिल्ह्यात शेतीतून जमीन दोन वाटांनी जाते आणि त्या वेगळ्या मोजल्याच पाहिजेत. एक वाट महामार्ग, औद्योगिक वसाहती आणि प्लॉटिंगची. तिथून जमीन परत येत नाही. दुसरी क्षारपडीची, शिरोळ भागातली. काळ्या जमिनीत उसाला पाटाने बेसुमार पाणी, निचरा नाही, मग पाणीपातळी वर चढते आणि क्षार मुळांशी साचतात. असे रान पहिल्या वर्षी ‘चालू पड’, नंतर ‘इतर पड’ आणि पाच वर्षांनंतर ‘मशागतयोग्य पडीक’ या रकान्यात जाते. जमीन तिथेच असते, रकाना बदलतो.

ही दुसरी वाट उलट फिरवता येते. सच्छिद्र पाइप गाळणीचे कापड गुंडाळून तीन-चार फूट खोल, उताराने टाकायचे, मुख्य पाइपला जोडायचे आणि पाणी नाल्यात सोडायचे. मग वरून पाणी देऊन क्षार धुऊन काढायचे. चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेली जमीन असेल तर माती तपासून आधी जिप्सम द्यावे लागते, नुसत्या पाण्याने ती आणखी बिघडते. योजना फसते ती बहुधा टोकाला : नाला गाळाने भरलेला असतो, किंवा खालचा शेतकरी मुख्य पाइप आपल्या रानातून जाऊ देत नाही. म्हणून हे काम एकट्याच्या गटापुरते करून भागत नाही, शिवाराचेच करावे लागते.

उसाबाबत आणखी एक खुलासा. सोयाबीन काढून हरभरा घेतला तर एका हेक्टरचे निव्वळ क्षेत्र एक, एकूण पीक क्षेत्र दोन. ऊस वर्षभर उभा राहूनही दोन्हीकडे एकच. देशाचे एकूण पीक क्षेत्र 13.2 कोटींवरून 21 कोटी हेक्टरांच्या पुढे गेले ते मुख्यतः दुबार पिकामुळे. त्याला ‘शेतजमीन वाढली’ असे म्हणणे चूक आहे.

शेतकऱ्याने मोबाइलवरून स्वतः पीक नोंदवायच्या ई-पीक पाहणीत चालू पड आणि कायम पड नोंदवण्याची सोय आहे. उसाचे पीक मोडले असेल तर मागचाच ऊस पुन्हा नोंदवू नये, पड नोंदवावी. सातबाऱ्यावर खोटा ऊस राहिला, तर क्षारपड जमिनीचा आकडा कधीच खरा दिसणार नाही.

आपल्या दैनिकाने बाराही तालुक्यांचा नऊकलमी तक्ता दरवर्षी छापावा. प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी असाव्यात : निव्वळ की एकूण, कोणते कृषी वर्ष आणि नोंदीखालचे क्षेत्र किती. बिगरशेतीकडे गेलेले आणि क्षारपडीने पडून असलेले क्षेत्र त्यात वेगवेगळे दाखवावे.

– एक वाचक, कोल्हापूर