गळीत हंगामातील हजेरी जाहीर करावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विकसनशील देशांतील प्राथमिक शिक्षणाची चर्चा बहुधा पटनोंदणीवर थांबते. नाव घातलेले मूल वर्गात बसते का, हे घरोघरच्या पाहण्यांतून कळते, आणि सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील बहुतेक देशांत खेड्यातील मुलांची उपस्थिती शहरातल्यांपेक्षा कमी आढळत आली आहे. शाळेचे अंतर, शेतीची कामे, धाकट्या भावंडांची राखण ही तिथली कारणे आपल्यालाही परकी नाहीत.

सोलापूर जिल्ह्यात ही दरी गळीत हंगामात ढळढळीत दिसते. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या इकडे येतात, तशी आपल्या कोरडवाहू भागातली कुटुंबेही मुकादमाकडून उचल घेऊन गाव सोडतात. पहाटे आईवडील फडात गेले, की खोपीपाशी आठ-नऊ वर्षांची मुलगी तान्ह्याला कडेवर घेऊन उरते आणि तिच्याहून थोडी मोठी मुले वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधू लागतात. गावच्या हजेरीपटावर तिचे नाव असते, पण कारखान्याजवळच्या शाळेला ती ठाऊकही नसते. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरीही दाखल्याअभावी परत पाठवलेली मुले मी पाहिली आहेत, आणि ते पाहणे फार क्लेशदायक होते.

शहरात सारे ठीक आहे, असे मुळीच नाही. पूर्व भागात आईला विड्या वळू लागण्यासाठी घरी राहणाऱ्या मुली आहेतच. मात्र तिथे शाळा हाकेच्या अंतरावर असल्याने शिक्षक घरी जाऊन मुलीला बोलावून आणू शकतो.

हंगामी वसतिगृहांमुळे मूल गावातच राहून शिकते, म्हणून ती योजना मोलाची आहे. परंतु टोळी निघून गेल्यावर मंजुरी आली, तर आईवडिलांनी मूल कुणाच्या भरवशावर मागे ठेवायचे? मंजुरी दसऱ्यापूर्वीच मिळाली पाहिजे. ग्रामीण मेक्सिकोत १९९७ साली आईच्या हाती पडणारे अनुदान मुलांच्या ८५ टक्के हजेरीशी जोडले गेले. आपल्याकडे दुर्बल घटकांतील मुलींसाठी १९९२ साली उपस्थिती भत्ता ठरला तो दिवसाला एक रुपया. तेवढ्यावर फडातली मजुरी सोडून मुलीला शाळेत पाठवणे कोणत्या घराला परवडेल?

नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांतील प्रत्यक्ष हजेरी जिल्हा प्रशासनाने तालुकावार, मुले व मुली वेगळ्या दाखवून, दरमहा जाहीर करावी आणि प्रत्येक कारखान्याच्या तळावरील शाळाबाह्य मुलांची गणना हंगामाच्या पहिल्याच पंधरवड्यात पुरी करावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, सोलापूर