क्रीडामंत्री साहेब, बळीचा बकरा आणखी कितीदा बदलणार?

नागपूर, नोव्हेंबर २०२५

मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

१८ नोव्हेंबरला ढाक्यात भारताचा फुटबॉल संघ बांगलादेशकडून ०-१ असा हरला. ११ व्या मिनिटाला शेख मोरसालिनने गोल केला आणि उरलेल्या सगळ्या वेळात आपल्या संघाला तो फेडता आला नाही. बांगलादेशने आपल्याला हरवलं ते २००३ नंतर पहिल्यांदा. जागतिक क्रमवारीत ते १८३ वे, आपण १३६ वे होतो. आता १४२ वे आहोत. आशियाई चषकाची पात्रता तर त्याआधीच, १४ ऑक्टोबरला गोव्यातल्या फातोर्ड्यात हातची गेली. आपल्या छांगतेने १४ व्या मिनिटाला आघाडी दिली होती, मग सोंग उई-योंगने ४४ आणि ५८ व्या मिनिटाला दोन गोल करून सिंगापूरला जिंकवलं. पात्रतेचे पाच सामने, दोन गुण, एकही विजय नाही.

तेव्हापासून कामठी, मोमीनपुरा, मोतीबाग, जिथे म्हणून नागपुरात चार फुटबॉलवाले भेटतात तिथे एकच विषय आहे. राष्ट्रीय प्रशिक्षक खालिद जमीलला ठेवायचं की काढायचं, आणि काढलं तर पुढे कोण? कुणी म्हणतो जुने प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइनला परत आणा, त्याने क्रमवारीत १७३ वरून ९६ वर नेलं होतं. कुणाला संजय सेन हवेत. कुणी म्हणतो स्पॅनिश माणूस आणा, कोणताही चालेल. आपल्याकडे आम्ही नाव सुचवायला आलेलो नाही. आमची विनंती एवढीच की पुढचं नाव जाहीर व्हायच्या आधी निवडीची रीत सुधारून घ्यावी. फुटबॉल महासंघ स्वायत्त आहे हे आम्हाला ठाऊक आहे, बाहेरच्या हस्तक्षेपावरून २०२२ च्या ऑगस्टमध्ये फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, घातलेली बंदीही आम्ही विसरलेलो नाही. पण याच ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. महासंघांना हिशेब विचारायची सोय नसती तर तो कायदा कशाला केला असता?

आधी गेल्या तीन निवडी पाहाव्यात, म्हणजे रोग कुठे आहे ते दिसेल.

इगोर स्टिमाक मे २०१९ ला आले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला. मग जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात तीन सामने, तीन पराभव, शून्य गोल. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२. जूनमध्ये दोह्यात कतारकडून १-२ (बाहेर गेलेल्या चेंडूवरचा तो गोल आम्ही मरेपर्यंत विसरणार नाही, पण तो मुद्दा वेगळा). १७ जूनला त्यांना काढलं, आणि तेव्हा कळलं की मुदतीआधी काढायचं तर किती द्यायचे याचं कलमच करारात धड नाही. वर्तमानपत्रांत आलेला तडजोडीचा आकडा ४ लाख डॉलर. सव्वातीन कोटींच्या वर! एवढ्या पैशात विदर्भातल्या किती तालुक्यांत गवताचं मैदान, जाळ्या आणि पगारी प्रशिक्षक उभा राहिला असता, त्याचा हिशेब आपल्या खात्यातला कुठलाही कारकून अर्ध्या तासात करून देईल.

मग मानोलो मार्केझ. जुलै २०२४ ला नेमणूक, आणि त्याच हंगामात एफसी गोवा या क्लबचं कामही त्यांच्याकडेच. आठ सामने, एक विजय, तोही मालदीवविरुद्ध, आणि त्यासाठी ४० वर्षांच्या सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं. त्याच वर्षी त्यांचा गोवा देशाच्या मुख्य लीगमध्ये, आयएसएलमध्ये, दुसरा आला आणि सुपर कपही जिंकला. म्हणजे माणूस बिनकामाचा नव्हता. दोन मालकांच्या नोकरीत कुणाच्या वाट्याला किती आलं ते आकडेच सांगतात.

तिसरी निवड तर डोळ्यांदेखत झाली. १७० अर्ज आले. त्यात बार्सिलोनाच्या जगप्रसिद्ध झावीचा अर्ज आहे, असं महासंघातूनच बाहेर आलं. परवडणार नाही म्हणून तो बाजूला ठेवला, हेही छापून आलं. मग कळलं की अर्ज बनावट! गार्डिओलाच्या नावानेही एक आला होता. अहो, नागपुरात भाड्याने खोली देताना घरमालक आधारकार्ड मागतो. इथे देशाच्या प्रशिक्षकाच्या अर्जावर एक फोन कुणी फिरवला नाही. फिफाकडे परवानाधारक एजंटांची यादी असते, क्लबांचे अधिकृत पत्ते असतात. पडताळणीला दहा मिनिटं पुरतात.

१ ऑगस्टला जमीलचं नाव जाहीर झालं. ते नाव आम्हाला पटलं, आजही पटतं. २०१६-१७ ला ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून देणारा माणूस आहे. पण त्याच्या हाती काय दिलं? महिनाअखेर मध्य आशियाई देशांचा काफा नेशन्स चषक. ती स्पर्धा फिफाच्या विंडोच्या, म्हणजे क्लबांनी देशासाठी खेळाडू सोडायच्या ठरलेल्या दिवसांच्या, आधीच सुरू होत होती, म्हणून मोहन बागान क्लबने खेळाडू सोडले नाहीत. बाकीच्यांचे पाय जड, कारण आयएसएलचा पत्ताच नव्हता आणि कित्येक क्लबांनी सरावच थांबवलेले. तरी ओमानला पेनल्टीवर हरवून पठ्ठ्या तिसरा आला. ऑक्टोबर उजाडला तरी लीग नाहीच. सामने न खेळलेले पाय सिंगापूरपुढे ९० मिनिटं पळतील ही अपेक्षा कुणी ठेवली होती?

आता जरा तांत्रिक बोलतो, कारण राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक नेमकं काय करू शकतो हे ठरवणाऱ्यांनाच माहीत नसावं अशी शंका येते. फिफाची नेहमीची विंडो सोमवारी उघडते आणि पुढच्या मंगळवारी मिटते. ९ दिवस, २ सामने. रविवारी क्लबसाठी खेळलेला खेळाडू सोमवारी रात्री शिबिरात पोहोचतो. मंगळवारी त्याला सायकल, पोहण्याचा तलाव आणि मालिश, कारण आदल्या सामन्यात ६० मिनिटांपेक्षा जास्त खेळलेल्याला लगेच पळवलं की मांडीचा स्नायू जातो. बुधवारी पहिला पूर्ण सराव, फार तर ९० मिनिटं. गुरुवारी सामना. शुक्रवारी पुन्हा विश्रांती, शनिवारी प्रवास, रविवारी दुसरा सराव, सोमवारी मैदानाची ओळख म्हणून तासभर, मंगळवारी सामना. म्हणजे अंगात मुरेल असा सराव दोनदा. तेवढ्यात काय शिकवता येतं? बचावाच्या दोन फळ्यांत किती अंतर ठेवायचं, प्रतिस्पर्ध्यावर धावून कधी जायचं आणि कधी थांबायचं, कॉर्नरवर कुणी कुणाला धरायचं, थ्रो-इन कुठे टाकायचा. एवढंच. गोल कसा मारायचा हे त्यात शिकवता येत नाही. ते क्लबमध्ये, आठवड्याला पाच दिवस, १६ व्या वर्षापासून होतं.

आणि क्लबमध्ये काय होतं? आयएसएलमध्ये मैदानावर चार परदेशी चालतात. बहुतेक क्लब त्यातला एक सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोलसमोरचा मुख्य आक्रमक, ठेवतात, कारण गोल विकत आणणं हा सर्वांत सोपा मार्ग आहे. भारतीय फॉरवर्डला मग विंगवर, मैदानाच्या कडेला, ढकलतात किंवा ७५ व्या मिनिटानंतर आत सोडतात. वर्षभर जो पोरगा पेनल्टी बॉक्समध्ये उभाच राहत नाही, त्याला आपण ढाक्यात उभं करतो आणि म्हणतो, मार गोल. त्याने मारला नाही की प्रशिक्षक बदला! कॉन्स्टंटाइन, स्टिमाक, मार्केझ, जमील, यांच्या जागी उद्या खरा झावी आला तरी बॉक्समध्ये तोच पोरगा असेल.

म्हणून मागणी अशी. जमीलला काढायचं असेल तर आधी त्याच्याकडून प्रत्येक सामन्याचा लेखी अहवाल घ्यावा. किती दिवस शिबिर मागितलं, किती मिळालं, कुठल्या क्लबने कोणाला कधी सोडलं. तो अहवाल पुढच्या उमेदवाराच्या हाती पडावा, कपाटात नव्हे. मुलाखतीत कारकिर्दीची चित्रफीत दाखवायला सांगू नका. फातोर्ड्याच्या सामन्याचं चित्रण द्या आणि विचारा, ४४ व्या मिनिटाआधी तू काय बदललं असतंस, आणि बुधवारच्या एका सरावात ते कसं बसवलं असतंस. निम्मे अर्जदार तिथेच गळतील. करार पूर्णवेळ, दुसरी नोकरी नाही. मुदतीआधी वेगळं व्हायचं तर दोन्ही बाजूंनी तीन महिन्यांचा पगार, त्यावर एक रुपया नाही. मुख्य प्रशिक्षक भारतीयच असावा असं आमचं मत आहे, कारण आय-लीगच्या मैदानात उन्हातान्हात बसून पोरं पाहणारा तोच असतो. पण त्याच्या हाताखाली कॉर्नर-फ्रीकिकचा, तंदुरुस्तीचा आणि व्हिडिओ विश्लेषणाचा असे तीन जाणते लोक बाहेरून आणावेत. एका मोठ्या नावाच्या पगारात हे तिघे बसतात. आणि शिबिरांच्या तारखा हंगामाच्या आधी क्लबांच्या सहीनिशी ठरवाव्यात, ऐनवेळी हातापाया पडून नव्हे.

एवढं कठीण आहे का साहेब? असावं. कारण ज्या महासंघाला एका खेळाडूचा कागद वेळेत आणता आला नाही, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची? रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं, संघाबरोबर ढाक्याला गेला, आणि ऑस्ट्रेलियाच्या महासंघाची परवानगी पोहोचली नाही म्हणून खेळू शकला नाही. गोल करणारा माणूस विमानाने नेला आणि कागद घरी विसरला, काहून? यासाठी कोणाला कारणे दाखवा नोटीस निघाली? प्रशिक्षकाला मात्र पत्रकार परिषदेत उभं करून झालं.

२०२३ च्या जानेवारीत महासंघाचं व्हिजन २०४७ चं चकचकीत पुस्तक निघालं. २०४७ पर्यंत आशियातल्या पहिल्या चारांत, आणि २०२६ पर्यंत पहिल्या दहांत! २०२६ उजाडायला महिना राहिलाय आणि आपण पात्रतेच्या गटात तळाला आहोत. आयएसएलचे व्यापारी हक्क विकायला काढले, तर या महिन्यात एकही बोली आली नाही. २०१० साली महासंघाने १५ वर्षांसाठी व्यापारी हक्कांचा ७०० कोटींचा करार केला तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक होतं की तो २०२५ च्या डिसेंबरात संपणार. तारीख आहे ८ डिसेंबर. योगायोग पाहा, त्याच दिवशी आमच्या नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू होतंय. यशवंत स्टेडियममधून मोर्चे निघतील, नाव स्टेडियमचं आणि काम मोर्चाचं. त्यात खेळाडूंचाही एखादा निघाला तर नवल वाटू नये. लीग नाही म्हणजे पगार नाही, आणि पगार नसलेल्याला मोर्चाच राहतो. डिसेंबरातच मेस्सी येतोय. त्याच्याबरोबर फोटो काढायला पुढच्या रांगेत कोण कोण असेल ते आम्ही आत्ताच लिहून देऊ शकतो.

ह्याच शहरातून २००१ मध्ये सुरू झालेल्या स्लम सॉकरला २०१६ साली फिफाचा पुरस्कार मिळाला. झोपडपट्टीतल्या पोरांना चेंडू देऊन. सरकारी योजनेने नव्हे, साहेब. कामठीत पिढ्यान् पिढ्या पोरं दगडगोट्यांच्या मैदानात खेळत आलीत, आणि जिथे बरं मैदान आहे तिथे हिवाळा लागला की प्रदर्शन, लग्न, सभा यांचे मांडव पडतात. मांडव निघाला की खिळे आणि खड्डे राहतात, घोटे मुरगळतात. क्रिकेटसाठी जामठ्यात ४५ हजारांचं स्टेडियम उभं राहिलं, आमची तक्रार नाही. आम्हाला फक्त खिळे वेचायला एक माणूस द्या.

आणि एक माहिती द्यावी, देता आली तर. प्रत्येक जिल्हा संघटनेकडून मागवून घ्या की १५ वर्षांखालच्या पोराला वर्षात अधिकृत सामने किती मिळतात. बेरीज नको, जिल्हावार हवं. आणि प्रत्येक जिल्ह्यात डी, सी, बी, ए परवान्याचे प्रशिक्षक किती, तेही. ते दोन रकाने समोर ठेवा आणि मग सांगा, पुढचा प्रशिक्षक कोण हा प्रश्न तुम्ही आम्हाला विचारताय की आम्ही तुम्हाला.

उत्तर टपालाने, शिक्क्यासह पाठवावे. ई-मेल करू नये. तो खरंच आपल्या कार्यालयाचा आहे की कुण्या झावीचा, हे आम्हाला ओळखता येणार नाही.

आपले,
नागपूर-कामठीचे फुटबॉलप्रेमी