अर्धा किलो सुरमई कुठे गेली

हर्णै, ता. दापोली
जुलैअखेर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा मेसेज वाचला. फोनच केला असता, पण इथे पावसात रेंज दोन मिनिटं टिकत नाही आणि हा विषय दोन मिनिटांत उरकणारा नाही. तुझं आंबापेट्यांच्या ऑर्डरचं अ‍ॅप अजून व्ह्यू २ वर, म्हणजे वेबपानं बांधायच्या त्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या जुन्या आवृत्तीवर आहे, आणि सगळं मोडून नव्याने लिहावं का, असं तू विचारतोस. नको लिहूस. आहे तेच व्ह्यू ३ वर ने. फक्त नेताना एकही वॉर्निंग न वाचता सोडू नकोस. हे मी इतकं ठासून का सांगतोय, ते पुढे लिहितो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या शाकारून ठेवलेल्या, बंदरावर लिलाव नाही. आमच्या वजनाच्या अ‍ॅपला हात लावायला हेच दोन महिने मिळतात. तसा मला उशीरच झाला होता. व्ह्यू ३ आलं सप्टेंबर २०२० मध्ये आणि व्ह्यू २ चा सपोर्ट संपला ३१ डिसेंबर २०२३ ला. नाखव्यांच्या पैशांचा हिशोब ज्यावर चालतो, ते असं वाऱ्यावर सोडणं मला पटेना.

आधी व्ह्यू २.७ वर आलो, मग व्ह्यू ३ चं कम्पॅट बिल्ड लावलं. हे बिल्ड जुन्या पद्धतीचं बरंचसं चालू ठेवतं आणि जुनं काही सापडलं की वॉर्निंग देतं. पहिल्या दिवशी इतक्या वॉर्निंग आल्या की छाती दडपली. आठवडाभर एकेक काढत गेलो. मग वाटलं, झालं सगळं. कम्पॅट काढून टाकलं.

पावतीचं पान मात्र राहून गेलं होतं. त्यात वजनापुढे उभी रेघ आणि ‘किलो’ हा फिल्टर, म्हणजे दाखवण्याआधी आकड्याला हवं ते रूप देणारा तुकडा होता. व्ह्यू ३ मध्ये फिल्टरच नाहीत. पण ती ओळ मोडत नाही रे! उभी रेघ आता जावास्क्रिप्टचा साधा बिटवाइज ऑर, म्हणजे पूर्णांकांच्या बिटांवर चालणारी क्रिया ठरते. ‘किलो’ नावाचं काही सापडत नाही, मग त्याचं शून्य धरलं जातं आणि दशांशाच्या पुढचं सगळं छाटलं जातं. डेव्हलपमेंटमध्ये निदान कन्सोलवर एक वॉर्निंग येते. प्रॉडक्शन बिल्डमध्ये, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्यात, तीही नाही.

शेजारच्या नाखवाकाकांना मी गेल्या मोसमातलं पावतीपुस्तक घेऊन बसवलं होतं. ते बोट ठेवत ठेवत वाचत होते. एका ओळीवर थांबले. “सुरमई साडेबारा किलो होती. तुझ्याकडे बारा कशी?” मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. अर्धा किलो सुरमई एका रेघेने खाल्ली होती. हेच ऑगस्टमध्ये, लिलावाच्या गर्दीत झालं असतं तर प्रत्येक पावतीत कुणाचं ना कुणाचं नुकसान झालं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या टेम्प्लेटमधल्या उभ्या रेघा शोधून काढल्या आणि तिथे साधी फंक्शन्स लिहिली.

सगळा त्रासच झाला असं मात्र नाही. मागे यादीतल्या तिसऱ्या टोपलीचं वजन थेट बदललं की स्क्रीन ढिम्म हलायची नाही, आठवतं? त्यासाठी दर वेळी व्ह्यू-सेट ही खास आज्ञा लिहावी लागायची. व्ह्यू २ सुरुवातीलाच असलेल्या प्रत्येक प्रॉपर्टीवर गेटर-सेटर, म्हणजे वाचणं-बदलणं टिपणारी फंक्शन्स बसवायचं. नंतर आलेली प्रॉपर्टी किंवा यादीत थेट इंडेक्सवर केलेला बदल त्याला दिसायचाच नाही. व्ह्यू ३ सगळ्या ऑब्जेक्टलाच प्रॉक्सीत, म्हणजे प्रत्येक बदल टिपणाऱ्या वेष्टनात घेतं, म्हणून त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. माझे सगळे व्ह्यू-सेट गेले. फार हलकं वाटलं.

तुझ्याकडे कार्ट आणि पेट्यांची यादी इव्हेंट बसवरून, म्हणजे मधल्या एका व्ह्यू इन्स्टन्समार्फत निरोप देत-घेत बोलतात. निरोप ऐकायच्या आणि थांबवायच्या ऑन आणि ऑफ या आज्ञा आता इन्स्टन्सवर नाहीत. मिट नावाची छोटी लायब्ररी लाव, काम होतं. डझनांचा आकडा घेणाऱ्या तुझ्या कंपोनंटमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या त्या तुकड्यात, ‘व्हॅल्यू’ या नावाची जागा ‘मॉडेलव्हॅल्यू’ घेते. इव्हेंटचं नावही बदल, नाहीतर आकडा वाढणारच नाही. आणि या सगळ्याआधी, तारीख निवडायची तुझी लायब्ररी व्ह्यू ३ वर चालते का ते बघ. माझे दोन दिवस त्यातच गेले.

तुझा मोसम संपलाय, म्हणजे पुढचा आंबा येईपर्यंत तुझ्या हाताशी माझ्यापेक्षा खूप जास्त वेळ आहे. नारळी पौर्णिमा झाली की दोन दिवस इकडे ये. लॅपटॉप आण आणि गेल्या मोसमाची ऑर्डरवही नक्की आण, कागदावरची. मी स्क्रीनवरचं वाचेन, तू वहीवर बोट ठेव. एकेक पेटी जुळवून बघू.

आईंना नमस्कार सांग.

तुझाच